आत्याच्या पेटीतली निगेटिव्ह

आत्याच्या पेटीतून आंबूस वास यायला लागला तेव्हा पहिला संशय माकावर गेला. काहीही सांडलं, फुटलं, हरवलं की आधी माकाचं नाव घ्यायचं, ही त्या घराण्याची पद्धतच होती. लोसालिने आत्याचं म्हणणं असं की, लिंबात मुरवलेल्या माशाचं भांडं घेऊन हा पोरगा तिच्या झोपायच्या खोलीत शिरला आणि पेटीवर रस सांडून पळाला.

"तो तुमच्या खोलीत कशाला येईल, आत्या?" पिसिला म्हणाली. भावाची बाजू घ्यायची तिला काही हौस नव्हती, पण खोटं ते खोटं.

"मांजर कशाला येतं? तू वाक आणि वास घे."

पिसिला वाकली. पेटीत वरपर्यंत टापाच्या घड्या होत्या. सालीचं कुटून केलेलं, तपकिरी नक्षीचं ते कापड लग्नाला नाहीतर मयतीलाच बाहेर निघतं, आणि त्याला चंदनाचा वास यायला हवा. तसा तो येतही होता. पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी थेट नाकात घुसत होतं, व्हिनेगरची बाटली कुणी नाकाशी धरावी तसं. हा वास तिच्या ओळखीचा होता. शाळेतल्या डार्करूममध्ये फोटोचा वर्ग घेणाऱ्या नन, सिस्टर रेजिनाने, एक जुनी, आक्रसलेली फिल्म सगळ्या मुलींच्या नाकाखालून फिरवली होती आणि सांगितलं होतं, "हा वास विसरू नका. फिल्म मरायला लागली की अशी हाक मारते."

"आत्या, आजोबांचा डबा ह्याच पेटीत आहे का?"

"मग कुठे असणार? चांगली वस्तू चांगल्या जागी."

बाहेर व्हरांड्यात बसलेले बाबा खोकले. ते तिथेच बसणार होते. मोठा झालेला भाऊ बहिणीच्या झोपायच्या खोलीत पाऊल टाकत नाही, तिच्याशी वाद घालत नाही, तिच्यासमोर थट्टाही करत नाही. सगळ्या टोंगात असंच आहे आणि वावाऊ बेटावर तर जरा जास्तच. त्यामुळे बाबांना, म्हणजे हेनेलीला, बहिणीला काही सांगायचं झालं तर भिंतीशी बोलल्यासारखं बोलावं लागे, आणि दर वेळी भिंतच जिंके.

डब्याची गोष्ट अशी. पिसिलाचे आजोबा फिलीपे यांचा नेइआफू गावात फोटोचा स्टुडिओ होता. ते वारले तेव्हा बहिणीचा मान भावाहून वरचा, ह्या रिवाजाप्रमाणे मानाची पहिली निवड लोसालिने आत्याची होती. त्या दिवशी तिने बारीक विणीच्या चटयांकडे पाहिलं नाही, भाजलेल्या डुकराकडेही पाहिलं नाही. निगेटिव्हचा डबा उचलला, काखेत मारला आणि निघाली. तिला विचारणार कोण? पुढे वादळात बाबांच्या घराचं छप्पर उडालं आणि भिंतीवरचे सगळे फोटो समुद्रात गेले. पिसिलाच्या आईचा, लेसिएलीचा, एकुलता एक फोटोसुद्धा. लेसिएली त्याआधीच गेली होती, पिसिलाला अजून धड उभंही राहता येत नव्हतं तेव्हा. आता तो चेहरा जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, आत्याच्या पेटीतल्या त्या डब्यात, एका निगेटिव्हवर.

येणारीजाणारी बाई पिसिलाची हनुवटी धरून म्हणायची, अगदी आईवर गेलीस गं. पण नक्की काय आईवर गेलंय? नाक बाबांचं होतं. कान तर माकाचेच होते, देवाने त्याच्या कानांचा साचा दोनदा वापरलेला. मग काय उरलं? विचारलं की बायका नुसत्या हसायच्या आणि अळूचा भाव काढायच्या. फोटोच्या वर्गात नाव घातल्यापासून पिसिलाचा एकच धोशा होता, आईचा फोटो मी स्वतः छापणार. बाबा बहिणीच्या दारात जाऊन अदबीने विषय काढायचे. आत्या म्हणायची, "बघू." आणि तो डबा पेटीतच राहायचा.

आज तो निघाला, पण निघाला तो वासामुळे.

कडक बिस्किटांचा डबा होता. झाकणाभोवती चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे. आत प्लास्टिकची पिशवी, तिला गच्च गाठ. पिशवीत टापाचा तुकडा, तेल पिऊन तांबूस झालेला. आणि त्या तुकड्यात निगेटिव्ह, तळहाताएवढ्या, एकीवर एक रचलेल्या. झाकण निघताच वास असा उसळला की दोघींचे डोळे चुरचुरले.

"ह्या ओल्या कशाने झाल्या?" पिसिलाने विचारलं.

"ओल्या नाहीत, तेल आहे ते. माझ्या हातचं, चंदन आणि फुलं घालून मुरवलेलं." आत्याचा आवाज एकदम मऊ झाला. "दर नाताळाला काढते मी त्यांना. एकेकाला पुसते, तोंडाला नीट तेल लावते. माणसं आहेत ती, पिसिला. नाचायला उभं करताना आपण मुलीला कोरडी उभी करतो का?"

पिसिलाने जीभ दातांखाली धरली. सिस्टरने फळ्यावर लिहिलेलं सगळं तिच्या डोळ्यांपुढून सरकत होतं. निगेटिव्ह कडेला धरा, चित्रावर बोट टेकवू नका. प्रत्येकीला वेगळं कागदी पाकीट. जागा कोरडी, थंड, वारा खेळता. आणि आंबायला लागलेली फिल्म कधीही हवाबंद कोंडू नका, तिची वाफ तिथल्या तिथे फिरते आणि शेजारच्या चांगल्या फिल्मलाही आंबवते. आत्याने ह्यातला एकही नियम जिवंत ठेवला नव्हता. आणि हे सगळं इतक्या मायेने केलं होतं की चिडायचं तर कुणावर चिडायचं?

शिवाय आत्याला "तुमचं चुकलं" म्हणायची सोय नव्हती. भावाच्या मुलीने आत्यापुढे मान खाली घालून बसायचं असतं. सांगायचंच असेल तर आडवळणाने. पिसिलाला ते कधीच नीट जमायचं नाही, पण तिने घसा साफ केला.

"आत्या, काही फुलं अशी असतात ना, माळेत ओवली की कोमेजतात. नुसती पानावर ठेवली तर टिकतात."

"असतील. मी तसली फुलं घेतच नाही."

"सिस्टर म्हणतात, कधीकधी जरा मोकळी हवा लागली की बरं असतं."

"हवा लागली म्हणूनच तुझ्या बापाचं छप्पर गेलं."

बाहेर बाबा पुन्हा खोकले. ह्या वेळी तो खोकला हसण्याच्या फार जवळचा होता.

"आणि तेलाने," पिसिला चिकाटीने म्हणाली, "कधीकधी मुंग्या लागतात म्हणे."

"चंदनाला मुंग्या लागत नाहीत." आत्याने फळीवरची बाटली काढली, बूच उघडलं. "मला कळलं काय झालंय ते. ह्या वर्षी मी तेल कमी लावलं. म्हणून आंबल्या." आणि तिने तळहातावर तेलाची चांगली धार ओतली आणि सगळ्यात वरच्या निगेटिव्हकडे हात नेला.

"थांबा."

नुसतं थांबा. पुढे आत्या नाही, मागे जरा नाही, खालमानेने नाही. पिसिलाच्या तोंडून ते कसं निसटलं ते तिलाच कळलं नाही. आत्याचा हात हवेत तसाच राहिला. बोटांवरून तेल चटईवर टपकत होतं. बाहेरचा खोकला बंद.

मग आत्याने डब्याचं झाकण लावलं, दाबून. "घरी जा," ती म्हणाली.

ट्रक निघाला. चर्चपर्यंतचा चढ चढून गेल्यावर बाबा म्हणाले, "थांबा म्हणालीस?"

"हो."

"नुसतं थांबा?"

"हो, बाबा. सांगितलं ना. आणि आता त्या डब्याला पुन्हा चिकटपट्टी लागली असेल, आणि आई आत आंबत असेल, आणि मी काही करू शकत नाही, कारण त्या आत्या आहेत आणि मी कोण, तर भावाची मुलगी. आणि तुम्ही बाहेर बसून खोकता."

बाबांनी गिअर बदलला. "मला आयुष्यात त्यांना थांबा म्हणता आलं नाही," ते म्हणाले. ते रागावले होते की काय, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. "उद्या चर्च सुटल्यावर लू करून घेऊन जा. माफी माग."

रविवारी पिसिलाने पहाटे उठून लूसाठी अळूच्या पानांत मांस भरलं, वर नारळाचं दूध ओतून पुडकं बांधलं, मातीच्या भट्टीतून काढलेलं ते गरम पुडकं आत्याच्या पुढ्यात ठेवलं आणि मान खाली घालून माफी मागितली. आत्याने एक घास घेतला. "मीठ कमी आहे," ती म्हणाली. बस, एवढंच. डब्याचं नाव नाही. पिसिलाला वाटलं, ते पुडकं उचलावं आणि कुत्र्याला घालावं.

सोमवारी दुपारी फोटोच्या वर्गात वेगळाच छळ चालू होता. माका पण त्याच वर्गात, आणि सख्खे भाऊबहीण अंधाऱ्या खोलीत एकत्र बसणार कसे? म्हणून डार्करूममध्ये आधी तो आणि मग ती. तो आत गेला की बाहेर यायचं नाव घेत नसे. पिसिला दाराबाहेर नीरफणसाखाली पाय आपटत बसली होती, तेवढ्यात बाबांचा ट्रक फाटकातून आत आला. पुढच्या सीटवर आत्या. चर्चला जाताना नेसते तसा काळा पोशाख नेसलेली, कमरेला मानाची विणलेली चटई बांधलेली, आणि मांडीवर बिस्किटांचा डबा.

ती उतरली. पिसिलाकडे तिने बघितलं नाही. सरळ डार्करूमचं दार ठोकलं. "माका, बाहेर ये. तुझ्या बहिणीला आत जायचंय."

माका डोळे चोळत बाहेर आला आणि आत्याला बघून जो पळाला तो शाळेच्या मागच्या कुंपणापर्यंत.

सिस्टर रेजिना ओले हात झग्याला पुसत आली. आत्या तिला म्हणाली, "पेटी धुतली. टापा उन्हात घातला. वास जात नाही. आमच्या ह्या पोरीला त्यातलं काहीतरी कळतं. ती मला थांबा म्हणाली." सिस्टरने पिसिलाकडे पाहिलं. पिसिलाने जमिनीकडे पाहिलं. "तर मी थांबले," आत्या म्हणाली. "आता पुढचं सांगा."

पुढचं सोपं नव्हतं. डार्करूमच्या खिडक्यांच्या झडपा उघडून, हातात सुती मोजे घालून, काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर पिसिला एकेक निगेटिव्ह कडेला धरून ठेवत गेली. आत्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिचा अंगठा सारखा पुढे यायचा. "हात, आत्या." अंगठा मागे. "आत्या, हात." अंगठा मागे जायचा आणि लगेच परत पुढे. शेवटी सिस्टरने तिच्याही हातांत मोजे चढवले, तेव्हा ती म्हणाली, "मेलेल्यांना हात लावायला मोजे. तुमच्याकडची रीत."

काही निगेटिव्ह केव्हाच गेल्या होत्या. दुधावरच्या सायीसारखं त्यांच्यावरचं चित्र सुरकुतून गोळा झालं होतं आणि खालची फिल्म वाकून ठिसूळ झाली होती. त्या वेगळ्या ढिगात. आत्या प्रत्येकीकडे बघून नाव सांगायची. चर्चमधले गाणारे. बोटीचा कप्तान सेमीसी. कुणाचं तरी लग्न, ज्यात नवरीचं तोंड काळं आणि केस पांढरे. "ही वाचेल?" "नाही, आत्या." "ही?" "नाही." पुढे पुढे तिने विचारणं सोडलं आणि नुसती नावं घेत राहिली. पिसिलाला रडावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त टेबलावर मूठ आपटावीशी वाटत होती. थोडे कागद लागले असते. साधी कागदी पाकिटं. आणि एक उघडी खिडकी.

तळाशी दोन निगेटिव्ह एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या, चित्राला चित्र लावून. दिव्यावर धरल्या तर दोन्ही एकात एक मिसळलेल्या दिसत होत्या.

"ही मी," आत्या म्हणाली. "माझ्या लग्नाआधीचा नाच. माझ्या बाबांनी, तुझ्या आजोबांनी काढला होता. अंगाला एवढं तेल होतं की फोटोत चमकतेय बघ." मग ती पुढे झुकली. "आणि ही लेसिएली."

पिसिला काचेवर वाकली.

सिस्टरने दोन्ही बाजूंनी बघितलं. बाहेरचं तेल आधी स्पिरिटने पुसून काढू, मग स्वच्छ पाण्यात भिजवू, ती म्हणाली. सुटतील किंवा नाही. सुटताना एकीचं चित्र सोलून दुसरीवर जाऊ शकतं. एक काचेवर सपाट राहील आणि दुसरी वाकवून ओढावी लागेल. जी ओढू, तिचं नुकसान जास्त. "कुठली ओढायची ते आधी ठरवा."

ठरवायचं आत्यानेच होतं, दुसऱ्या कुणाचा तो हक्कच नव्हता, आणि पिसिलाने मागायचं म्हटलं तर मागायचा शब्दच तिच्याकडे नव्हता. आडवळणाचा कुठलाच वाक्प्रयोग तिला आठवेना. आत्याने आजवर पहिला वाटा सोडला होता का? लग्नात नाही, मयतीत नाही, बाबांच्या बागेतल्या रताळ्यांतही नाही.

आत्याने आपल्या नाचाकडे बराच वेळ पाहिलं. "वरची माझी ना?" ती म्हणाली. "मग वरचीच ओढ."

भिजायला बराच वेळ लागला. पिसिलाने काच पाण्यात ठेवली, एका कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि श्वास कोंडून, नखाएवढं नखाएवढं सोडवत गेली. कडा हट्टी निघाल्या. मध्यभागी मात्र दोन्ही अलगद सुटल्या, कारण तिथे तेल मुरलेलं होतं.

"तोंडांवर," आत्या म्हणाली. "मी तोंडांनाच तेल जास्त लावायचे. बघितलंस? माझ्या तेलाने वाचली."

"आत्या, ते नशीब होतं. तेल नसतं, आणि डबा कोंडलेला नसता, तर चिकटल्याच नसत्या."

"वाचली की नाही?"

पिसिलाने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने छताकडे पाहिलं.

निगेटिव्ह सुकल्यावर झडपा लावून छापायला घेतली. आत पिसिला, सिस्टर आणि लाल दिव्याखाली स्टुलावर आत्या. बाबा बाहेर, दाराला टेकून. बहीण आत असताना त्यांना ह्या खोलीत येता येईना. लेसिएलीचा चेहरा बघायला त्या बेटावर त्यांच्याएवढं कोणी आसुसलेलं नव्हतं, आणि ते दाराच्या फळीशी कान लावून उभे होते. छपाईच्या कागदाच्या पाकिटात एकच ताव उरला होता. राजधानीहून येणारी बोट पुन्हा लांबली होती.

ताव ताटलीत बुडाला. आधी काही नाही. मग केस, मग भुवया.

"दिसतेय का?" दारामागून बाबा.

"थांबा ना, बाबा." दोन दिवसांत हा शब्द तिला फारच सरावाचा झाला होता. "डोळे आले. कपाळ आलं. बाबा, ती चिडलेली आहे."

खरंच चिडलेली होती. ओठ घट्ट मिटलेले, दोन भुवयांच्या मध्ये उभी आठी, आणि नजर कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे, कुणाला तरी खाऊ का गिळू करणारी. कडेला, तिच्या खांद्यावर, आत्याच्या नाचातला तेलाने चमकणारा हात सोलून येऊन बसला होता, फिकट आणि बोटं नाजूक वळवलेली. पिसिलाला कळेना, हसावं की ओरडावं. इथेसुद्धा आत्या.

"उन्हात उभी केली असेल," बाबा फळीतून म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. "तुझे आजोबा फार वेळ लावायचे."

"ऊन नव्हतं," आत्या म्हणाली. ती ताटलीवर वाकली होती. "मी कॅमेऱ्याशेजारी उभी होते. तिला सांगत होते, हनुवटी वर कर, केस मागे घे, खांदे सरळ कर. ती काही बोलली नाही. बोलणार कशी? नुसती बघत राहिली." मग तिने मान वळवून लाल उजेडात पिसिलाकडे पाहिलं. "शनिवारी तू बघितलंस ना, अगदी तसंच."

पिसिलाचा हात आपोआप कपाळाकडे गेला. मोजा ओला होता.

फोटो धुऊन, सुकून तयार होताच आत्याने तो दोरीवरून काढला. विचारलं नाही. पहिली निवड तिची. "ह्याला तेल लावायचं नाही?" तिने विचारलं.

"नाही, आत्या."

"बघते."

पिसिलाची कानशिलं तापली. एवढी वर्षं वाट बघितली, एवढा घाम गाळला, एकच ताव होता, आणि तो घेऊन ही बाई चालली. टेबलावर कागदी पाकिटात आईची निगेटिव्ह होती. आत्या तिथे थांबली, हात पुढे केला, आणि मग मोजा काढून आपला तळहात लाल दिव्यापाशी नेला. कातडीत मुरलेलं तेल चमकत होतं.

"ती तुझ्याकडे राहू दे," आत्या म्हणाली. "माझ्या हातांना तेल फार असतं."

ह्याहून जास्त ती कधीच म्हणणार नव्हती. दार उघडून ती बाहेर गेली. बाबा अदबीने बाजूला झाले. ती त्यांच्याशी बोलली नाही, पण फोटो छातीशी बाहेरच्या बाजूला तोंड करून धरला होता, आणि एरवी तुरुतुरु चालणारी लोसालिने आत्या त्यांच्यासमोरून इतकी सावकाश गेली की बाबांना चेहरा पुरता बघता आला. "माझ्या पुढच्या खोलीत लावते," ती वाऱ्याला सांगितल्यासारखी म्हणाली. पुढच्या खोलीत भावाला यायला मनाई नसते.

पिसिलाने पाकिटावर पेन्सिलने आईचं नाव लिहिलं आणि ते फळीवर उभं ठेवलं, खिडकीतल्या उन्हापासून लांब, पण वारा लागेल असं. मग वळून विचारलं, "कागद घेऊन बोट कधी येणार?"

"कोण जाणे. पुढच्या आठवड्यात, नाहीतर त्याच्या पुढच्या," सिस्टर रेजिना म्हणाली. "आणि अशी बघू नकोस माझ्याकडे."